दोन एमबीचा ढोल

तुमच्यापैकी कितीजणांनी खरीखुरी फ्लॉपी हातात धरली आहे? कॉम्प्युटरवर 'सेव्ह'च्या बटणावर जे चौकोनी चित्र असतं ना, ती! आपल्या पिढीला ते नुसतं चित्र वाटतं. गेल्या गणपतीपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठीच्या तासाला मी बहुतेक वेळा घड्याळाकडे बघत बसायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. पण हा विषय इंग्लिश सेक्शनला द्यायचं मनाला येईना, कारण त्यातला ढोल मराठी आहे!

तर झालं असं... आमचं गाव नाते. महाडहून रायगडाकडे जाताना लागतं ते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख १८९६ साली इथेच जन्मले. गावाचं नाव निघालं की आमचा काका हे सांगितल्याशिवाय राहत नाही, म्हणून मीही सांगून टाकलं. आम्ही राहतो पनवेलला, पण गणपती गावालाच. सणाआधी माळा झाडायचं काम यंदा माझ्याकडे आलं आणि एका जुन्या चादरीत गुंडाळलेली चपटी, काळी, जड पेटी हाताला लागली. पुढे दोन ओळींचा छोटा डिस्प्ले, बटणं, एक फ्लॉपीची फट. वर लिहिलेलं 'आकाई एस २०००'. सोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात २१ फ्लॉप्या.

काका एकेकाळी मुंबईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. ही पेटी त्याने १९९९ साली सेकंडहँड घेतली होती. पुढे ऑर्केस्ट्राची कामं कमी झाली, काका गावाला आला. आता तो पाचाडच्या रस्त्याला मिनीडोर चालवतो. मी पेटी खाली आणली तर म्हणाला, "भंगारात घाल ती. चालू होत नाय."

आजी मोदकाचं सारण ढवळत होती. तिथूनच म्हणाली, "त्यात आबांचा ढोल आहे ना रे?"

काका काही बोलला नाही. आबा, म्हणजे माझे आजोबा, गावच्या खालूबाजात ढोल वाजवायचे. खालूबाजा म्हणजे आपल्या कोकणातला ढोल, टिमकी, सनईचा ताफा. शिमग्याला पालखीपुढे आणि लग्नात वाजतो तो. आबा २००९ साली गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांचे फोटो आहेत, पण आवाजाचं, वाजवण्याचं रेकॉर्डिंग घरात एकही नाही. जे काही होतं ते २००० सालच्या शिमग्याला काकाने ह्या पेटीत घेतलं होतं. झालं! माझी गणपतीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी आणि सबमिशनच्या आधीचे तीन रविवार ह्या पेटीने खाल्ले.

सॅम्पलर म्हणजे काय रे भाऊ?

सिंथेसायझर स्वतः आवाज तयार करतो. सॅम्पलरकडे स्वतःचा असा एकही आवाज नसतो. तुम्ही माईकने जो द्याल तो तो आकड्यांत साठवतो आणि कीबोर्डची पट्टी दाबली की परत वाजवतो. आपण सिग्नल्सच्या पेपरसाठी सॅम्पलिंग थिअरम घोकतो ना, तोच हा! माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून त्याच्या दुपटीहून थोडं जास्त, सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची. प्रत्येक मोजमाप १६ बिट, म्हणजे २ बाइट. एका सेकंदाला झाले ८८,२०० बाइट.

आता गंमत बघा. एस २००० बरोबर मेमरी यायची २ एमबी. भागाकार केला तर येतात जेमतेम २४ सेकंद, तीही मोनो. तुमच्या मोबाईलमधला एक फोटो ह्याहून मोठा असतो! त्या २४ सेकंदांत गाण्यातले सगळे आवाज बसवायचे. शिवाय ही मेमरी आपल्या रॅमसारखीच, वीज गेली की कोरी. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाआधी फ्लॉपी घालायची, लोड होईपर्यंत थांबायचं आणि मध्येच लाइट जाऊ नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. काका सांगतो, जनरेटरवाल्याशी त्याची घट्ट मैत्री असायची.

एकच ठोका सगळ्या पट्ट्यांवर कसा वाजतो? साठवलेले आकडे दुप्पट वेगाने वाचले की आवाज एक सप्तक वर जातो आणि अर्ध्या वेळात संपतो. एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जायचं तर वेग साधारण १.०६ पट. म्हणून दूरच्या पट्टीवर ढोल वाजवला तर तो डबड्यासारखा लागतो. कसलेला वादक दर चार-पाच पट्ट्यांना वेगळा सॅम्पल लावतो. आकाईच्या भाषेत त्याला कीग्रुप म्हणतात.

ह्या यंत्रांचं घराणं फार जुनं नाही. सिडनीत १९७९ साली फेअरलाइट सीएमआय आलं, ते घराच्या किमतीत. १९८१ साली अमेरिकेतून ई-म्यूचं इम्युलेटर. आकाईने १९८६ मध्ये १२ बिटांचा एस ९०० काढला, १९८८ मध्ये १६ बिटांचा एस १००० आणि तिथून सॅम्पलर स्टुडिओत नेहमीची वस्तू झाला. आमचा एस २००० हा १९९५ चा, त्यातल्या त्यात स्वस्त भाऊ. एका वेळी ३२ आवाज वाजवतो. त्याला स्वतःच्या पट्ट्या नाहीत, मिडी केबलने कीबोर्ड जोडावा लागतो.

इतिहास पुरे. मुद्दा हा की पेटी बंद पडली तरी आबांचा ढोल पेटीत नव्हताच. तो त्या बिस्किटाच्या डब्यात होता. हे माझ्या लक्षात यायला एक अपघात व्हायची वेळ यावी लागली.

माझ्या चुलतभावाने कुठूनतरी यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह आणली. लॅपटॉपला लावली, फ्लॉपी घातली. स्क्रीनवर आलं, 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?' आणि ह्याचं बोट एंटरवर! मी अक्षरशः त्याचा हात धरला. कारण सांगते. पीसीच्या फ्लॉपीवर एका ट्रॅकवर ५१२ बाइटचे १८ सेक्टर असतात. ८० ट्रॅक, दोन बाजू, गुणाकार केला की आपली ती १.४४ एमबी. आकाईने मात्र एका ट्रॅकवर १०२४ बाइटचे १० सेक्टर बसवले, म्हणजे १६०० केबी. जास्त माल मावतो, पण विंडोजला ती भाषाच कळत नाही. त्याला फ्लॉपी कोरी वाटते आणि तो मदत म्हणून ती खरोखरच कोरी करायला निघतो!

म्हणून कोणाच्या घरी अशा फ्लॉप्या असतील तर पहिलं काम: कोपऱ्यातली ती छोटी प्लास्टिकची खिट्टी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं असलं की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही. २१ च्या २१ खिट्ट्या सरकवल्या तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

दुसरं संकट कोकणाचं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. भिंतीला ओल, पुस्तकांना वास, चामड्याच्या चपलेला पांढरी लव. शटर मागे सरकवून बघितलं तर सात-आठ फ्लॉप्यांच्या तबकडीवर बुरशीचे ठिपके होते. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला चिकटते, हेड तबकडी खरवडतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीचीही वाट लागते. तेव्हा फ्लॉप्या बाजूला ठेवल्या आणि आधी पेटी घेतली.

महाडला एक टीव्ही रिपेअर करणारे काका आहेत. नाव छापू नको म्हणाले, म्हणून नुसतं 'मास्तर' म्हणते. जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं तेव्हा त्यांच्या दुकानात छतापर्यंत पाणी होतं. त्यानंतर कित्येक महिने त्यांनी लोकांचे चिखलाने भरलेले टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टरचे बोर्ड धुतले. हो, धुतले! बोर्डाला पाणी मारत नाही, चिखल आणि चालू करायची घाई मारते, असं त्यांचं म्हणणं. चिखलात क्षार असतात, ओलाव्यात त्यांतून करंट वाहतो आणि तांबं खाल्लं जातं. स्वच्छ पाण्याने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळेपर्यंत थांबलं तर बरेच बोर्ड परत येतात. आमच्या लॅबमध्ये हे कोणी शिकवलेलं नाही.

मास्तरांनी पेटी उघडायच्या आधी मागची पट्टी वाचायला लावली. जपानातून आलेली मशीनं कधीकधी १०० व्होल्टची असतात. ती आपल्या २३० वर लावली तर धूर निघणारच. आमची २३० ची निघाली. मग त्यांनी सिरीज बोर्ड काढला. म्हणजे काय, तर मशीनच्या आधी एक साधा १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आमचा मंद झाला. डिस्प्ले उजळला, दोन-तीनदा लुकलुकला आणि गेला.

इथे एक गोष्ट गंभीरपणे. पॉवर सप्लायच्या मेनकडच्या बाजूला जो मोठा कपॅसिटर असतो त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात (२३० गुणिले १.४१४, आठवतंय का?). प्लग काढला तरी ते काही वेळ तिथेच बसून असतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे हिरो यूट्यूबवर बरेच दिसतील. मास्तरांनी रेझिस्टर लावून डिस्चार्ज केलं, मल्टीमीटरने शून्य बघितलं आणि मगच मला हात लावू दिला. तोवर माझे हात पाठीमागे बांधल्यासारखे!

५ व्होल्टच्या लाइनवर मिळाले ४.६. डिजिटल आयसींना ४.७५ च्या खाली चालत नाही, म्हणून बिचारा प्रोसेसर उठून परत झोपत होता. दोषी कोण, तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ह्यांच्या पोटात ओलं रसायन असतं. ते वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातं, कपॅसिटरचा आतला रोध वाढतो आणि डीसीवर लाटा राहतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं तर आयुष्य दुप्पट, वाढलं तर निम्मं. आणि ही पेटी वर्षानुवर्षं मांडवातल्या हॅलोजनखाली वाजलेली! दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसत होते, पण आम्ही सात बदलले. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, आणि १०५ अंशांचे. ८५ चे स्वस्त पडतात, पण घेऊ नका. एक मी उलटा लावला. पांढरी पट्टी निगेटिव्ह, हे मी ओरलमध्ये छातीठोकपणे सांगितलेलं आहे बरं का! मास्तरांनी चालू करायच्या आधी बघितलं म्हणून वाचले. काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते जास्त लागलं.

डिस्प्ले उजळला आणि उजळलेलाच राहिला. काका मिनीडोर बाहेर उभी करून आत आला, त्याने न बघता दोन बटणं दाबली आणि बरोबर हव्या त्या पानावर पोचला. पंचवीस वर्षांनी बोटांना आठवत होतं!

फ्लॉपी ड्राइव्ह मात्र पार गेलेली. तिच्याजागी गोटेक बसवलं. ही फ्लॉपी ड्राइव्हच्याच आकाराची एक डबी असते, तीच ३४ पिनांची केबल लागते, पण समोर पेन ड्राइव्हची जागा. सॅम्पलरला वाटतं आपण फ्लॉपी वाचतोय. बाजारातून आणलेल्या गोटेकमधलं फर्मवेअर पीसीच्या पद्धतीपुरतंच असतं, त्याला आकाईचे १० सेक्टर कळत नाहीत. म्हणून त्यात कीर फ्रेझर ह्या माणसाने लिहिलेलं फ्लॅशफ्लॉपी नावाचं मोफत फर्मवेअर घालायचं आणि सेटिंगच्या फाईलमध्ये होस्ट म्हणून आकाई लिहायचं. पेन ड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या मावतात.

पण पेन ड्राइव्हवर घालायला फ्लॉपीतला माल आधी बाहेर तर यायला हवा! ह्याच कीर फ्रेझरचं दुसरं काम म्हणजे ग्रीसवीझल. आपल्या सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये प्रोजेक्टचं उरलेलं 'ब्लू पिल' बोर्ड पडलेलं असतं ना, त्याच्यावरही हे चालतं. भंगारवाल्याकडून जुन्या पीसीची फ्लॉपी ड्राइव्ह घेतली आणि ह्या बोर्डाला जोडली. ह्याची युक्ती मला फार आवडली. ते फ्लॉपीवर कोणती फाईल आहे, कोणाचा फॉरमॅट आहे असलं काही विचारतच नाही. तबकडीवर चुंबकाची दिशा कुठे कुठे बदलते, त्यांमधलं अंतर फक्त मोजत जातं. २ मायक्रोसेकंद, ३ किंवा ४. सगळी गोष्ट एवढ्यातच लिहिलेली असते. अर्थ लावायचं काम नंतर लॅपटॉपवर, निवांत. आणि एकच ट्रॅक दहा वेळा वाचून त्यातला चांगला निवडता येतो.

बुरशीच्या फ्लॉप्या कापसाची काडी आणि आयसोप्रोपिलने पुसल्या. शटर धरून ठेवायचं, मधली चकती हळूहळू फिरवायची, दोन्ही बाजू पुसायच्या, वाळू द्यायच्या. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेडही पुसायचं. पडवीत बसून हे काम आजीने माझ्याहून नीट केलं. तिला मी एवढंच सांगितलं होतं की तांदूळ निवडतेस तसं.

२१ पैकी १८ पूर्ण वाचल्या गेल्या. दोन मेल्या. आणि एक, जिच्यावर काकाच्या अक्षरात 'आबा, पडवी' लिहिलं होतं, तिने छळलं.

पहिल्यांदा सात सेक्टर खराब आले. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी सीआरसी नावाची बेरीज असते, ती जुळली नाही की समजायचं आत गडबड आहे. परत पुसली, परत वाचली, चार. एका रात्री पंखा बंद करून, अभ्यास सोडून परत वाचली, तीन. त्याखाली आकडा येईना. नशीब एवढंच की पहिल्या ट्रॅकवरची यादी, म्हणजे कोणती फाईल कुठे आहे ती, शाबूत होती. ती गेली असती तर ढोल असूनही सापडला नसता. आकाईयुटिल नावाच्या प्रोग्रॅमने फाईल बाहेर काढली. 'ढोल १', लांबी १.४ सेकंद.

गणित करा. एक सेक्टर १०२४ बाइट, म्हणजे ५१२ मोजमापं, म्हणजे ११.६ मिलिसेकंद. पूर्ण ठोक्याचे सुमारे १२० सेक्टर, त्यांतले तीन गेलेले. दोन शेवटच्या विरत जाणाऱ्या भागात होते, ते ऐकूही येत नव्हते. तिसरा मात्र थाप पडल्यावर लगेचचा. तिथे 'टक' असा काटा. ढोलाचा खर्ज मोजला तर ८० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे एक कंपन १२.५ मिलिसेकंदांचं. भोक जवळजवळ एका कंपनाएवढंच! मग आधीचं कंपन उचलून तिथे हलकेच शिवलं. मूळ प्रत तशीच वेगळी ठेवली, तिला हात नाही लावला.

तुळशीच्या लग्नाला परत गावाला गेले तेव्हा पेटी पडवीत मांडली. काकाने कीबोर्ड जोडला, पट्टी दाबली. धुम्म! आजी आतून बाहेर येऊन दाराशी उभी राहिली. काकाने डाव्या हाताने पालखीची चाल धरली. ठोका आबांचा, लय काकाची.

मला मात्र आणखी काहीतरी हवं होतं. मी विचारलं, "काका, ठोक्याच्या पुढे-मागे काही नाही? त्यांचा आवाज?"

काका म्हणाला, "होता गो. प्रत्येक ठोक्यानंतर विचारायचे, 'आलं का रे?' मीच कापला. चोवीस सेकंद होती सगळी मिळून, त्यात अख्खा खालूबाजा बसवायचा होता. 'आलं का रे'ला जागा कुठली?"

सॅम्पलरवाले सगळे असंच करतात. आवाज सुरू व्हायच्या आधीचं आणि विरल्यानंतरचं सगळं छाटायचं. मेमरी महाग होती. काकाने वाढवायचा विचार केला होता, पण तेव्हा ते पैसे घरात दुसऱ्या कामाला गेले. बाकीच्या १८ फ्लॉप्या मी एकेक करून ऐकल्या. सगळीकडे काका हिशोबी. एकाही शेपटाला आबा सापडले नाहीत.

मेमरी आता वाढवली आहे. ७२ पिनांच्या, एफपीएम जातीच्या जुन्या सिम पट्ट्या लागतात, पहिल्या पेंटियमच्या काळातल्या. १६ एमबीच्या दोन मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधून शोधून मिळाल्या. तिरक्या घालून उभ्या करायच्या, दोन्ही कडेच्या क्लिपांचा 'कट' आवाज आला पाहिजे. बसवण्याआधी अंगातली स्टॅटिक घालवायला चेसिसच्या धातूला हात लावायचा. ३२ एमबी म्हणजे ६ मिनिटं २० सेकंद. काकाने डिस्प्लेवरचा आकडा बघितला आणि नुसता 'हं' म्हणाला.

मग त्याने गावच्या सध्याच्या ताफ्यातला ढोल मागून आणला. पडवीत, त्याच जागी, माईक लावला. बारा ठोके घेतले, दोन टिपऱ्यांनी, कडेला आणि मधोमध. मी एडिट करायला बसले तेव्हा म्हणाला, शेपटं राहू दे. त्यामुळे 'ढोल ७' च्या मागे कोंबडा आहे आणि 'ढोल ९' च्या मागे आजी विचारतेय, चहा टाकू का.

अजून डिस्प्लेचा बॅकलाइट अंधुक आहे आणि दोन बटणं तीनदा दाबल्याशिवाय ऐकत नाहीत. त्या मापाची पुश बटणं कोणाकडे पडून असतील तर थर्ड इयर ई अँड टीसीला येऊन मला भेटा. चहा माझ्याकडून!